हात आवरावा कुठे, हात लावावा कुठे

५ जानेवारी २०१९. टोकियोचा जुना त्सुकिजी बाजार तीन महिन्यांपूर्वीच बंद झाला होता आणि तोयोसूच्या नव्या इमारतीत नववर्षाचा पहिला मासळी लिलाव होणार होता. पहाटेच्या थंडीत ओल्या फरशीवर ब्लूफिन ट्यूना ओळीने मांडलेले होते. प्रत्येकाची शेपटी कापलेली. खरेदीदार हातात विजेरी घेऊन एकेका माशापाशी वाकत, शेपटीच्या कापावर उजेड टाकत, तिथलं चिमूटभर मांस काढून बोटांत चोळत. बोटाला लागणाऱ्या तुपकटपणावरून आतल्या चरबीचा अंदाज बांधायचा आणि मग बोटांच्या खुणांनी बोली लावायची. त्या पहाटे २७८ किलोच्या एका माशाला ३३ कोटी ३६ लाख येन मिळाले. त्या वेळच्या दराने एकवीस कोटी रुपयांच्या घरात. तोवर इतका भाव कोणत्याही माशाला मिळाला नव्हता.

त्याच्याच चार महिने आधीची गोष्ट. सप्टेंबर २०१८ मध्ये दोन्ही कोरियांच्या प्रमुखांची प्याँगयांगला भेट झाली. पाहुण्यांना निरोप देताना उत्तर कोरियाने भेट दिली ती दोन टन अळंबीची. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी ती स्वतःजवळ न ठेवता, युद्धात ज्यांची ताटातूट झाली अशा सुमारे चार हजार कुटुंबांतल्या वयोवृद्धांना अर्धा-अर्धा किलो वाटून दिली. या अळंबीचं जपानी नाव मात्सुताके. मात्सु म्हणजे पाइन, ताके म्हणजे अळंबी. पाइनच्या मुळांशी उगवणारी ही अळंबी कोरियात आणि जपानात शरदाची खूण मानली जाते. जपानी लोक तिचे काप घालून भात करतात, मातीच्या चहादाणीत तिचं सार वाफवतात, निखाऱ्यावर भाजून वर लिंबाच्या जातीचं आंबट फळ पिळतात. तिच्या वासात दालचिनीची झाक आहे, आणि जपानी म्हणीने सुवासाचा मान तिलाच दिला आहे.

एक मासा, एक अळंबी. दोन्ही एकाच देशाच्या ताटातले मानकरी. दोन्ही महाग आणि दोन्ही धोक्यात आलेले. निसर्गसंवर्धनाची जागतिक संघटना आययूसीएन जी लाल यादी ठेवते, तिच्यात धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत: असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त. पॅसिफिक महासागरातला ब्लूफिन ट्यूना २०१४ मध्ये ‘असुरक्षित’ ठरला. मात्सुताकेचं नाव त्याच पायरीवर जुलै २०२० मध्ये आलं. आणि २०२१ मध्ये मासा ती पायरी उतरून ‘संकटसमीप’ या वर्गात, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या जरा अलीकडे आला. मासा सावरत असताना अळंबी यादीत शिरत होती. असं का घडलं, हे समजून घेतलं की ‘वाचवणं’ या शब्दाचे दोन अगदी वेगळे अर्थ हाती लागतात.

महासागर ओलांडणारा

कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला कुपा म्हणतात तो याच कुळातला, पण पॅसिफिक ब्लूफिनसमोर तो लहानग्यासारखा दिसेल. पूर्ण वाढलेला ब्लूफिन तीन मीटरपर्यंत लांब होतो आणि त्याचं वजन चारशे किलोंच्या वर जातं. बहुतेक माशांचं शरीर भोवतालच्या पाण्याइतकंच थंड असतं. ब्लूफिनचं तसं नाही. त्याच्या शरीरात गरम रक्त वाहून नेणाऱ्या आणि गार रक्त आणणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी एकमेकींना खेटून असतात. पोहताना स्नायूंत तयार झालेली ऊब कल्ल्यांकडून येणाऱ्या गार रक्तात परत उतरते, पाण्यात वाया जात नाही. म्हणून थंड पाण्यातही त्याचे स्नायू तापलेले राहतात आणि वेग टिकतो. त्याला थांबता मात्र येत नाही. तोंडातून कल्ल्यांवर पाणी येत राहण्यासाठी त्याला पोहत राहावंच लागतं. पोहणं थांबलं की श्वास थांबला.

हा मासा जन्मतो महासागराच्या पश्चिम कडेला: ओकिनावापासून तैवानपर्यंतच्या पाण्यात आणि जपानच्या समुद्रात. त्यांतली काही पिलं वर्ष-दोन वर्षांची झाली की आख्खा पॅसिफिक ओलांडून कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या किनाऱ्याला जातात, तिथे वाढतात आणि अंडी घालायच्या वयात पुन्हा जन्माच्या पाण्याकडे येतात. या प्रवासाचा एक पुरावा फार वेगळ्या मार्गाने मिळाला. मार्च २०११ मध्ये त्सुनामीनंतर फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातून किरणोत्सारी सीझियम समुद्रात गेलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सॅन दिएगोजवळ पकडलेल्या पंधरा ब्लूफिनच्या मांसात तेच सीझियम सापडलं. खाणाऱ्याला अपाय होण्याइतकं नव्हतं, पण ओळख पटवायला पुरेसं होतं. त्यातला एक प्रकार दोनेक वर्षांत निम्मा होतो, त्यामुळे तो जुन्या अणुचाचण्यांमधला असणं शक्यच नव्हतं. काही महिन्यांत पोरसवदा माशांनी महासागर पार केला होता.

वर्षाला अर्धी वीत

मात्सुताकेची वाटचाल याच्या अगदी उलट. आपण टोपलीत पाहतो ती अळंबी म्हणजे बुरशीचं फळ. खरी बुरशी जमिनीखाली असते, पांढऱ्या तंतूंची दाट गादी होऊन. जपानी लोक तिला शिरो म्हणतात. ही गादी तांबड्या सालीच्या पाइनच्या बारीक मुळांना वेढून बसते आणि गोलाकार पसरत जाते, वर्षाला दहा-पंधरा सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत. मासा एका हंगामात महासागर ओलांडतो, तेवढ्या काळात ही बुरशी तळहाताची रुंदीही क्वचितच ओलांडते.

तिचा आणि पाइनचा व्यवहार सरळ देवाणघेवाणीचा आहे. रेताड, खडकाळ, निकस जमिनीतून पाणी आणि खनिजं ओढून बुरशी झाडाला देते. झाड पानांत तयार केलेली साखर बुरशीला देतं. पाइन नाही तर मात्सुताके नाही. शिवाय जमीन निकसच हवी. पालापाचोळा कुजून माती काळी, कसदार झाली की तिथे दुसऱ्या बुरश्यांची चलती होते आणि मात्सुताके मागे पडते. इतर पिकं ज्या जमिनीला नाक मुरडतात, तीच तिची हक्काची जागा.

शरदात जमिनीचं तापमान उतरत उतरत १९ अंशांच्या आसपास आलं की शिरोवर अळंबीचे अंकुर धरतात. वर पडलेल्या पाइनच्या काड्यांखाली जमिनीला हलकासा फुगवटा येतो. सरावलेला माणूस तो नजरेने कमी आणि पायाने जास्त ओळखतो. तिथे गुडघे टेकून काड्या बाजूला सारायच्या, देठालगत बोटं खोल घालून अळंबी अलगद हलवत उपटायची आणि खड्डा पुन्हा मातीने बुजवायचा, म्हणजे खालचे तंतू उघडे पडत नाहीत. टोपी अजून मिटलेली असेल तर भाव सगळ्यात जास्त. अशा जागा घराण्यात गुप्त ठेवल्या जातात. अनेक गावांत सामाईक डोंगरावरून अळंबी काढण्याचा हक्क दरवर्षी लिलावात दिला जातो.

मासा कमी झाला आणि परत आला

ब्लूफिन का घटला याचं उत्तर एका वाक्यात देता येतं: माणसाने तो फार पकडला. जपानात त्सुगारूच्या सामुद्रधुनीकाठी ओमा नावाचं गाव आहे. तिथले मच्छीमार लहान होडीतून एकाच दोरीवर एक मोठा मासा धरतात, दोरीवरून विजेचा झटका देऊन त्याला शांत करतात आणि लगेच रक्त काढून बर्फात घालतात. कोट्यवधी येनांचा मासा असाच येतो. पण साठा खाली आणला तो या दोरीने नव्हे. मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी अंडी घालायला जमलेले थवेच्या थवे वेढले. आणि संख्येने मोजलं तर पकडल्या जाणाऱ्या माशांत एखाद-दोन वर्षांची, एकदाही अंडी न घातलेली पिलंच बहुसंख्य होती. ब्लूफिन तीन ते पाच वर्षांचा झाल्यावर अंडी देऊ लागतो. त्याआधीच तो बाजारात पोचत होता. काही पिलं पिंजऱ्यांत नेऊन, लहान मासे चारून पोसली जात, तीही समुद्रातूनच उचललेली.

२०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलेल्या मूल्यमापनात हिशेब असा निघाला: मासेमारी झालीच नसती तर अंडी देणाऱ्या माशांचा जेवढा साठा असता, त्याच्या फक्त २.६ टक्के २०१४ मध्ये उरला होता. शंभरातले तीनही नाहीत.

महासागराला कुंपण घालता येत नाही, आणि मासा एका देशाचा नसल्यामुळे एका देशाच्या कायद्यानेही भागत नाही. पश्चिम आणि मध्य पॅसिफिकच्या मासेमारीसाठी देशांचा एक सामाईक आयोग आहे. त्याने डिसेंबर २०१४ मध्ये ठरवलं की ३० किलोंच्या आतल्या माशांची पकड २००२ ते २००४ च्या सरासरीच्या निम्म्यावर आणायची. पुढे जपानने देशातही कोटा कायद्याने बांधून टाकला. कोटा संपला की जाळ्यात आपसूक शिरलेला मासाही परत सोडायचा. वर्षभराची कमाई दोन-चार माशांवर अवलंबून असणाऱ्या घरांना हे जड गेलं. तरी हात आवरला गेला.

उद्दिष्ट होतं २०३४ पर्यंत साठा मूळच्या २० टक्क्यांवर नेण्याचं. तो २०२१ मध्येच तिथे पोचला. २०२४ च्या मूल्यमापनाप्रमाणे २०२२ मध्ये साठा २३.२ टक्के होता. त्याच आधारावर २०२५ पासून मोठ्या माशांचा कोटा ५० टक्क्यांनी आणि लहान माशांचा १० टक्क्यांनी वाढवण्यात आला.

इतक्या लवकर हे साधलं कसं? मोठी मादी एका हंगामात लाखो-कोट्यवधी अंडी सोडते, आणि ती ज्या पाण्यात सोडायची ते पाणी अजून होतं. माशाचं घर शाबूत होतं. घरातली लेकरं उचलली जात होती. उचलणं कमी झालं आणि घर पुन्हा भरू लागलं. अटलांटिक ब्लूफिनचीही गोष्ट अशीच. २०११ मध्ये संकटग्रस्त ठरलेला तो मासा २०२१ मध्ये धोक्याच्या यादीतून पूर्ण बाहेर आला. दक्षिणेकडच्या ब्लूफिनला मात्र अजून बराच पल्ला गाठायचा आहे. तो अतिसंकटग्रस्त होता, आता संकटग्रस्त आहे.

अळंबीचा डोंगर का ओसाडला

मात्सुताकेलाही हाच उपाय लागू करावा असं वाटणं साहजिक आहे. तोडणीवर बंदी घाला, डोंगराला कुंपण घाला, माणसाला आत जाऊ देऊ नका. जपानच्या डोंगरांवर हे उपाय केले तर मात्सुताके वाढणार नाही, उलट जी थोडी उरली आहे तीही जाईल.

१९४१ मध्ये जपानात सुमारे १२,००० टन मात्सुताके निघाली होती. अलीकडे बहुतेक वर्षी शंभर टनही निघत नाही. म्हणजे शंभर टोपल्या होत्या तिथे आज एकही भरत नाही. या घटीचं मुख्य कारण तोडणी नाही. फळ काढल्याने झाड मरत नाही, तसंच अळंबी काढल्याने शिरो मरत नाही. घट झाली ती माणूस डोंगरावर जायचा थांबल्यामुळे.

जपानी खेड्याला लागून जो डोंगर असतो त्याला सातोयामा म्हणतात. शेकडो वर्षं लोक तिथून सरपण आणत, कोळसा पाडत, खाली पडलेला पाला खराट्याने ओढून शेतात खत म्हणून घालत. कोकण-मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तेव्हा असाच रानातला पातेरा गोळा होतो, कवळ तोडली जाते. ज्याने हे काम पाहिलं आहे त्याला सातोयामा समजावून सांगावा लागणार नाही. वर्षानुवर्षं पाला उचलल्यामुळे डोंगराची माती निकस राहिली, रुंद पानांची झाडं दबून राहिली, ऊन जमिनीपर्यंत पोचलं. अशा उघड्या, उपाशी मातीत सगळ्यात आधी रुजतो तो तांबडा पाइन. आणि पाइनच्या मुळांशी मात्सुताके. गावाने तिची लागवड कधीच केली नव्हती. गाव चूल पेटवत होतं, शेत खतवत होतं, आणि त्या कामातून तिची जागा तयार होत होती.

१९५० नंतरच्या दोन दशकांत घरोघरी गॅस आला, शेतात रासायनिक खत आलं, तरुण मंडळी शहरांत गेली. डोंगरावरचा पाला तिथेच पडून राहू लागला. माती जाड आणि काळी झाली, सदाहरित रुंदपर्णी झाडं उठली, त्यांच्या सावलीत पाइनचं रोप टिकेना. बाहेरून पाहणाऱ्याला डोंगर पूर्वीपेक्षा हिरवागार दिसतो. मात्सुताकेसाठी तोच हिरवेपणा घातक ठरला.

त्यातच पाइनवर मर आली. उत्तर अमेरिकेतून लाकडाबरोबर आलेला, डोळ्यांना न दिसणारा एक सूत्रकृमी त्यामागे आहे. या मरीची पहिली नोंद १९०५ च्या सुमाराची, नागासाकीतली. पण खरा गुन्हेगार हा कृमी आहे हे जपानी संशोधकांनी सिद्ध केलं ते १९७१ मध्ये. लांब मिशांचा एक भुंगेरा त्याला झाडाझाडावर नेतो. भुंगेरा कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतो, त्या जखमेतून कृमी आत शिरतात, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या निकामी होतात आणि एका हंगामात हिरवा पाइन विटकरी रंगाचा होतो. मेलेल्या झाडात भुंगेरा अंडी घालतो आणि पुढच्या वर्षी नवे भुंगेरे नवे कृमी घेऊन निघतात. पूर्वी वाळलेलं झाड कोणीतरी लगेच सरपणाला नेई, चुलीत झाडाबरोबर भुंगेऱ्याची अळीही जळे. चुली विझल्या आणि ही साखळी तोडणारं कोणी उरलं नाही. १९७९ मध्ये, मरीचा जोर शिगेला असताना, एका वर्षात जपानने २४ लाख घनमीटर पाइन गमावला.

आता क्योटोच्या आसपास आणि इतरत्र स्वयंसेवकांचे गट सुट्टीच्या दिवशी विळे, कुऱ्हाडी आणि खराटे घेऊन डोंगर चढतात. रुंदपर्णी झाडं छाटतात, काळ्या मातीचा थर ओढून काढतात, पाइनची रोपं वाढू देतात. रोप लावल्यापासून त्याच्याखाली मात्सुताके धरायला वीसेक वर्षं लागू शकतात, आणि धरेलच याची हमी नाही. यांतल्या अनेक निवृत्त माणसांना तिचं फळ स्वतःच्या हाताने काढायला मिळणार नाही. तरी ते जातात. हे काम मला या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

शेती करून सुटेल का?

दोघांच्या बाबतीत हा प्रश्न विचारला जातो आणि दोघांची उत्तरं पुन्हा वेगळी आहेत. ब्लूफिनवर जपानच्या किंदाई विद्यापीठाने १९७० मध्ये काम सुरू केलं. नाजूक पिलं पिंजऱ्याच्या जाळीवर आपटून मरत, एकमेकांना खात. बत्तीस वर्षांनी, २००२ मध्ये, अंड्यापासून वाढवलेल्या माशांनी पिंजऱ्यातच अंडी दिली आणि चक्र पूर्ण झालं. आज हा मासा उपाहारगृहांत मिळतो. पण एक किलो ब्लूफिन वाढवायला दहा किलोंहून जास्त लहान मासळी चारावी लागते, आणि ती समुद्रातूनच येते. माशाची शेती करता येते, पण तिचं ओझं समुद्रावरून पुरतं उतरत नाही.

मात्सुताकेचे तंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतात. अळंबी मात्र बाजाराला पुरेल अशी कोणालाच घेता आलेली नाही. धिंगरीला भाताचा पेंढा पुरतो. हिला जिवंत पाइन लागतो, आणि दोघांमधला तो संपूर्ण संसार लागतो. म्हणून जपान आज तिच्यासाठी चीनचा युन्नान, कोरिया, भूतान यांच्या डोंगरांकडे पाहतो. भूतानच्या उरा खोऱ्यात तर या अळंबीचा उत्सव भरतो.

दोन प्रश्न

लाल यादीत एखादं नाव आलं की आपण पहिला प्रश्न विचारतो: याला कोण संपवतंय? ब्लूफिनच्या बाबतीत हा प्रश्न बरोबर होता आणि त्याच्या उत्तरात उपायही होता. मात्सुताकेच्या बाबतीत दुसरा प्रश्न विचारावा लागतो: हिला आजवर कोण सांभाळत होतं, आणि ते हात कुठे गेले? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पकडीच्या आकड्यांत मिळतं. दुसऱ्याचं गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत सापडतं, आणि ती माणसं वर्षागणिक कमी होत आहेत.

अळंब्यांच्या बाबतीत तर आपण पहिला प्रश्नही उशिरा विचारायला लागलो. २००३ मध्ये लाल यादीत बुरशीवर्गातल्या फक्त दोन जाती होत्या, त्याही दगडफुलाच्या वर्गातल्या. मार्च २०२५ पर्यंत तपासलेल्या बुरश्या १,३०० झाल्या. त्यांतल्या निदान ४११ धोक्यात निघाल्या. आजवर नाव दिलेल्या बुरश्या दीड लाखाच्या वर आहेत. त्यांतल्या शंभरातल्या एकीचीही तपासणी अजून झालेली नाही.

आपल्याकडेही पावसाच्या सुरुवातीला वारुळांवर अळंबी उगवते. गोव्यात तिला रोवण अळमी म्हणतात आणि पानांत बांधलेले तिचे वाटे चढ्या भावाने जातात. तिचीही शेती होत नाही, कारण तिला जिवंत वाळवी लागते. वाळवी वारुळात तिची बाग जोपासते. ती कुठे उगवते, पूर्वी किती उगवायची, कोणत्या वारुळांवर थांबली आणि त्या रानात तेव्हा काय बदललं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ते कागदावर कधी लिहिलेलं नाही. या पावसाळ्यात बाजारात तिचा वाटा घ्याल तेव्हा विकणाऱ्या मावशींना एवढं विचारा, आणि त्या जे सांगतील ते लिहून ठेवा. तिला वाचवायला उद्या हात आवरावा लागेल की हात लावावा लागेल, हे त्या नोंदीवरूनच कळेल.